उपग्रह खाडीच्या बाजूला आहे

२०२५ च्या जूनमध्ये आम्ही केबल तोडली. तोडली म्हणायचं आपलं. वायर अजून खिडकीच्या ग्रिलला गुंडाळलेलीच आहे. महिन्याचे ४२७ रुपये भरले नाहीत, तिसऱ्या दिवशी पडद्यावर 'रिचार्ज करा' अशी पाटी आली आणि तीस वर्षांचा एक व्यवहार संपला. मुलाने टाळी दिली. वहीत 'केबल'पुढे मी रेघ मारली तेव्हा मलाही बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

वही माझी. बावीस वर्षांचं दूध, गॅस, मेंटेनन्स, रेल्वेचा पास, लग्नातले आहेर, सगळं तिच्यात उतरलेलं आहे. ऑफिसातही अकाउंट्सच बघते, त्यामुळे आकडा दिसला की बेरीज केल्याशिवाय राहवत नाही. 'टीव्हीचे पैसे भरणं बंद करा, वर्षाला पाच हजार वाचतात' हा सल्ला हल्ली जो तो देतो. लोकलच्या डब्यात देतात, हळदीकुंकवाला देतात. मी तो बेरीज-वजाबाकी करून पाहिला. अर्धा सल्ला खरा निघाला. उरलेला अर्धा खरा ठरायचा तर तुमच्या खिडक्या कोणत्या दिशेला आहेत ते आधी बघावं लागतं. गंमत नाही करत, पुढे सांगते.

आधी हिशेब. ४२७ गुणिले बारा, ५,१२४ रुपये. एवढे वाचले म्हणून मुलगा खूश. मग त्याने ते कुठे कुठे जिरवले ते पाहा. नेटफ्लिक्सचा मोबाइलपुरता प्लॅन १४९ रुपये महिना, म्हणजे वर्षाला १,७८८. अ‍ॅमेझॉन प्राइमचे वर्षाचे १,४९९. जिओहॉटस्टारचा तेव्हाचा तीन महिन्यांचा २९९ वाला प्लॅन चारदा, म्हणजे १,१९६. बेरीज ४,४८३. हाती उरले ६४१, महिन्याला साधारण साडेत्रेपन्न. बेस्टचं किमान भाडं मे २०२५ मध्ये पाचाचं दहा रुपये झालं. म्हणजे तीस वर्षांची केबल सोडून आम्ही महिन्याला बसची पाच तिकिटं कमावली. आणि आम्ही केबल तोडली त्याच महिन्यात प्राइमवर जाहिराती सुरू झाल्या. त्या नको असतील तर वर्षाला आणखी ६९९. ते भरले की आम्ही ५८ रुपयांनी तोट्यात! शिवाय नेटफ्लिक्सचा तो १४९ चा प्लॅन टीव्हीवर लागतच नाही. टीव्हीवर बघायचं तर १९९ चा घ्या, म्हणजे आणखी ६००.

ब्रॉडबँडचे पैसे मी धरलेले नाहीत, कारण ते मुलाच्या अभ्यासासाठी तसेही जातातच. कुणी इंटरनेट फक्त टीव्हीसाठी घेतलं असेल तर त्याचा हिशेब आमच्याहून वाईट निघेल.

तेव्हा पैसे वाचवायचे असतील तर केबल सोडून दुसऱ्या पैशाच्या दुकानात शिरायचं नाही. एकतर टीव्हीच बघायचा नाही, किंवा फुकटचा बघायचा. 'टीव्हीच बघू नये, पुस्तकं वाचावीत' असं सांगणाऱ्यांना माझा नमस्कार. ते घरात एकटे राहत असावेत.

मी एकटी राहत नाही. घरात सासूबाई आहेत, वय ७८. केबल तोडायचं ठरलं ते जेवणाच्या टेबलावर, मुलगा, नवरा आणि मी, तिघांत. आई तेव्हा आत देवापाशी होत्या. बाहेर आल्यावर त्यांना सांगितलं, त्या म्हणाल्या, "तुम्ही ठरवलंत ना, मग झालं." हे वाक्य मी चोवीस वर्षं ऐकत आले आहे आणि त्याचा अर्थ मला ठाऊक आहे. पण रेघ मारायची घाई होती.

मुलाने त्यांना नवं रिमोट दिलं. त्याच्यावर आकडे नाहीत. "आजी, माइकचं बटण दाब आणि मालिकेचं नाव बोल." त्यांनी बोलून पाहिलं. यंत्राने भलतंच गाणं लावलं. दुसऱ्यांदा त्या सावकाश बोलल्या, शाळेत कविता म्हणतात तशा. मग पासवर्ड मागितला. चौथ्या दिवशी त्यांनी रिमोट टीव्हीशेजारी नीट ठेवून दिलं, प्लास्टिकच्या पिशवीत, धूळ लागू नये म्हणून.

आठवड्याभराने माझ्या लक्षात आलं की आठच्या सुमाराला आई घरात नसतात. शेजारच्या काकूंकडे 'जरा बसून येते' म्हणून जायच्या. हातात वालाचं भांडं, म्हणजे कामाला गेल्यासारखं दिसावं. साडेनऊला परत. काकूंकडे केबल आहे. काकू चांगल्या आहेत, कधी शब्दाने बोलल्या नाहीत, पण एकदा लिफ्टमध्ये सहज म्हणाल्या, "आजी असल्या की बरं असतं हो, आमचे हे मॅच लावत नाहीत." हे मला लागलं. केबलच्या रेघेने वाचलेले पैसे कुणाच्या खिशातून वाचले, ते वहीत दिसत नव्हतं. मुलाचं काही गेलं नाही, त्याचं करमणुकीचं सगळं फोनमध्ये. नवरा बातम्या फोनवर बघतो. मी शनिवार-रविवार काहीतरी बघते. टीव्ही खऱ्या अर्थाने एकाच माणसाचा होता आणि ठरवताना तेच माणूस खोलीत नव्हतं. आमच्या बिल्डिंगमध्ये गेल्या दोन वर्षांत ज्यांनी ज्यांनी केबल सोडली त्यांना मी विचारलं. ठरवणारे सगळे कमावते आणि स्मार्टफोनवाले. सोडायला लागलेल्या म्हाताऱ्या बायका, एका घरात गावाहून आलेले सासरे, एका घरात दिवसभर मूल सांभाळणारी ताई.

म्हणून हा प्रश्न आमच्या घरापुरता राहत नाही. चांगलं, फुकट किंवा अगदी थोड्या पैशांत मिळणारं टेलिव्हिजन शहरात असायला हवं आणि ते ज्याला हवं त्याला मिळायला हवं, असं मला वाटतं. कागदावर ते आहे. मुंबईत ते मिळत का नाही, हे शोधायला मी निघाले आणि गच्चीवर जाऊन पोचले.

त्याआधी पैसे भरण्याची सवय आपल्याला लागली कशी ते आठवू. मुंबई दूरदर्शन सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ ला, वरळीहून. झी टीव्ही सुरू झालं २ ऑक्टोबर १९९२ ला. बरोबर वीस वर्षं, दोन्ही गांधीजयंतीला, हा योगायोग मला नेहमी मजेशीर वाटतो. मधल्या काळात रेडिओचं आणि टीव्हीचं लायसन्स असायचं, वर्षाचे पैसे पोस्टात भरून पुस्तिकेत नोंद करून घ्यायची. ऐंशीच्या दशकाच्या मध्यात ते रद्द झालं. मग जानेवारी १९९१ मध्ये आखाती युद्ध टीव्हीवर थेट दिसलं, आणि बघता बघता पोरांनी एका गच्चीवरून दुसऱ्या गच्चीवर, झाडांवरून, विजेच्या खांबांवरून वायरी ओढल्या. गच्चीवरच्या मोठ्या डिशला तेव्हा सगळे 'छत्री' म्हणत. कायदा आला तो १९९५ मध्ये, वायरी आल्यानंतर. मुंबईत बऱ्याच गोष्टी याच क्रमाने होतात.

त्यानंतर सरकारने आणि ट्रायने, म्हणजे फोन-टीव्हीचे नियम ठरवणाऱ्या सरकारी संस्थेने, आपल्याला एकच वचन तीनदा दिलं: 'जे बघाल त्याचेच पैसे द्या.' पहिल्यांदा २००६ संपताना, दक्षिण मुंबईत कॅस आलं तेव्हा, म्हणजे बॉक्स लावून पैशाची चॅनेलं निवडून घ्यायची पद्धत. तीस फुकट चॅनेलांचे ७७ रुपये आणि पैशाचं चॅनेल जास्तीत जास्त पाच रुपयांना. दुसऱ्यांदा ऑक्टोबर २०१२ च्या शेवटी, जेव्हा मुंबईत सेट-टॉप बॉक्स सगळ्यांना सक्तीचा झाला. तिसऱ्यांदा फेब्रुवारी २०१९ मध्ये. तेव्हा शंभर चॅनेलांसाठी १३० रुपये नेटवर्कचं भाडं, त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे १५३ रुपये ४० पैसे. त्याच्यावर आवडीची चॅनेलं. एखादं चॅनेल पॅकमध्ये घालायचं असेल तर त्याची सुटी किंमत १९ रुपयांच्या वर नको. झालं काय, तर लोकांना हवी असलेली झाडून सगळी मोठी चॅनेलं त्या एकोणीसला जाऊन चिकटली, आणि त्यांचा पॅक मात्र एवढा स्वस्त की सुटं घेणारा मूर्ख ठरावा. आमच्या बाजारातली मावशी कोथिंबिरीच्या जुडीबरोबर कढीपत्त्याच्या दोन काड्या टाकते, पैसे घेत नाही. इथे कढीपत्त्याच्या वीस पेंढ्या पिशवीत कोंबायच्या आणि सांगायचं की एकटी कोथिंबीर महाग पडते. लग्नाच्या ताटात तीन गोड पदार्थ असतात म्हणून कुणी तिन्ही खात नाही, पण ताटाचा दर तिन्हींचा लागतो, तसं.

पुढे २०२० मध्ये नियम बदलले. त्यावरून चॅनेलवाले मुंबई उच्च न्यायालयात गेले, २०२१ मध्ये निकाल बराचसा ट्रायच्या बाजूने लागला. तरी नोव्हेंबर २०२२ मध्ये नियम परत बदलले आणि मधल्या काळात खाली आणलेली १९ ची मर्यादा परत वर गेली. फेब्रुवारी २०२३ मध्ये तर ज्या केबलवाल्यांनी नव्या दरांवर सह्या केल्या नाहीत त्यांचे सिग्नलच मोठ्या चॅनेलांनी काही दिवस बंद ठेवले. आणि जुलै २०२४ मध्ये ट्रायने त्या नेटवर्कच्या भाड्यावरची मर्यादाच काढून टाकली. आता ते किती घ्यायचं हे कंपनी ठरवेल.

ही शेवटची गोष्ट कुणाच्या फारशी लक्षात आली नाही. माझ्या मते तीच सगळ्यांत वाईट झाली. कारण २०१९ च्या त्या सगळ्या गोंधळात एक गोष्ट गरिबाच्या आणि म्हाताऱ्याच्या कामाची होती: १५३ रुपयांत नुसती फुकट चॅनेलं घेऊन बसता येत होतं. वर्षाचे १,८४१ रुपये. आमच्या ५,१२४ मधून ३,२८३ वाचले असते, आणि बटणांचं जुनं रिमोट आईंच्या हातात राहिलं असतं. हे मी आमच्या केबलवाल्याला विचारलं. तो हसला. "ताई, असं कोण घेतं? दीडशे-दोनशेत काय दिसणार तुम्हाला?" मी म्हटलं, जे दिसेल ते. त्याने विषय इंटरनेटच्या ऑफरवर नेला.

त्याला दोष देऊन उपयोग नाही. तो कांजूरचा मुलगा, दहावीनंतर वायरी ओढायला लागला, गणपतीत रात्री दोनला कुणाचं चित्र गेलं तरी यायचा. त्याच्या हातात पॅक ठरवणं कधीच नव्हतं. 'सगळ्यांनी केबल सोडली तर या पोरांनी काय करायचं?' हा प्रश्न मला कुणी विचारला तर त्याला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. एवढं दिसतं की दर वाढले म्हणून लोक जातात, लोक गेले म्हणून तो इंटरनेट विकतो, आणि जे राहिले त्यांचे दर पुन्हा वाढतात. स्वस्त आणि साधा पॅक खरोखर मिळाला असता तर आमच्यासारखी चार घरं त्याच्याकडे राहिली असती.

दुसरा आक्षेप जरा जड आहे. मराठी मालिका चालतात त्या याच पैशांवर आणि जाहिरातींवर. गोरेगावच्या चित्रनगरीत सेट लागतात, लाइटवाले, मेकअपवाले, ड्रायव्हर, जेवण देणाऱ्या बायका, शेकडो मराठी घरं त्यावर चालतात. तुम्ही १९ रुपये वाचवायला निघालात आणि मराठी चॅनेल बंद पडलं तर? मला याची काळजी वाटते. पण एक सांगा, पैसे घेऊन वर जाहिराती किती दाखवायच्या? केबलच्या १९९४ च्या नियमांत तासाला बारा मिनिटांची मर्यादा आहे: दहा मिनिटं जाहिरातींना, दोन स्वतःच्या कार्यक्रमांच्या जाहिरातींना. आठच्या मालिकेला घड्याळ लावून बसा एकदा. कुणी म्हणेल, वर्तमानपत्रालाही आपण पैसे देतो आणि त्यातही जाहिराती असतात. खरंय. पण रद्दी तरी विकता येते.

आता फुकटच्या टीव्हीकडे येऊ.

दूरदर्शनची डीटीएच सेवा, म्हणजे उपग्रहावरून थेट घरच्या डिशवर येणारं प्रक्षेपण, डिसेंबर २००४ पासून आहे. तेव्हा तिचं नाव वेगळं होतं, आता डीडी फ्री डिश. डिश आणि बॉक्स एकदाच विकत घ्यायचा, दीड-दोन हजारांच्या आतबाहेर, नंतर महिन्याला काही नाही, आयुष्यभर. खासगी चॅनेलं तिथली जागा लिलावात विकत घेतात आणि जाहिरातींवर चालतात, म्हणून बघणाऱ्याला पैसे पडत नाहीत. सह्याद्री तिथे आहे, बातम्या आहेत, हिंदी सिनेमे आहेत, मराठीतली मोजकी खासगी चॅनेलं आहेत. माझी मावसबहीण चिपळूणजवळ राहते, तिच्या घरावर हीच डिश आहे. तिला केबलचं बिल म्हणजे काय ते ठाऊक नाही.

आणि क्रिकेट. हा भाग मला कळला तेव्हा मी दोनदा वाचला. २००७ च्या कायद्याप्रमाणे राष्ट्रीय महत्त्वाच्या ठरवलेल्या सामन्यांचं थेट प्रक्षेपण ज्या कंपनीकडे असेल तिने ते स्वतःच्या जाहिराती काढून प्रसार भारतीला, म्हणजे दूरदर्शन चालवणाऱ्या संस्थेलाही द्यायचं. वर्ल्ड कपमधले भारताचे सामने, उपांत्य, अंतिम, घरच्या मैदानावरचे एकदिवसीय आणि टी-ट्वेंटी अशांचा यात समावेश होतो. आयपीएल नाही. पण ऑगस्ट २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायद्याच्या शब्दांवर बोट ठेवून सांगितलं की हे प्रक्षेपण दूरदर्शनच्या स्वतःच्या ट्रान्समीटरवर आणि स्वतःच्या डिशवर दाखवायचं, केबलने ते पुढे न्यायचं नाही. अँटेनाचे देशभरातले जुने अ‍ॅनालॉग ट्रान्समीटर तर दूरदर्शनने २०२२ पर्यंत बहुतेक बंद केले. म्हणजे घरोघरच्या हिशेबाने हा हक्क उरला फ्री डिशवाल्याला. केबलचे पैसे भरणाऱ्याने दूरदर्शन लावलं तर त्याला सामना दिसत नाही, त्यासाठी पैशाचं स्पोर्ट्स चॅनेल घ्यावं लागतं. न्यायालयाचं चुकलं असं मी म्हणत नाही, कायद्यात जे लिहिलं आहे ते त्यांनी वाचलं. पण याच सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी १९९५ मध्ये, तेही क्रिकेटच्याच खटल्यात, प्रक्षेपणाच्या रेडिओलहरी ही जनतेची मालमत्ता आहे असं सांगितलं होतं. मालमत्ता माझी, सामना माझ्या देशाचा, आणि तो दिसायचा तर माझ्याकडे डिश हवी.

बरं, डिश घेऊ. दोन हजारांचा तर प्रश्न.

प्रश्न दिशेचा निघाला. फ्री डिशचा उपग्रह ९३.५ अंश पूर्व रेखांशावर आहे. मुंबई ७३ च्या आसपास. म्हणजे मुंबईतून डिश आग्नेयेला तोंड करून, आकाशात बरीच वर रोखून बसवावी लागते. आम्ही विक्रोळीला कन्नमवार नगरात राहतो. जुनी म्हाडाची चार मजली बिल्डिंग पाडून टॉवर झाला, आम्हाला अकराव्या मजल्यावर घर मिळालं, खिडक्या पश्चिमेला, हायवेकडे. समोरच्या विंगमधल्यांच्या खिडक्या पूर्वेला, ठाण्याच्या खाडीकडे. त्यांना उपग्रह दिसतो. आम्हाला ट्रॅफिक दिसतो. एकाच टॉवरच्या दोन बाजूंना राहणाऱ्या दोन घरांपैकी एकाला सरकारचं फुकट टेलिव्हिजन आणि दुसऱ्याला नाही, हे वाटप कुणी केलं? कुणीच नाही. बिल्डरने लॉटरी काढली होती, तिच्यात घरं वाटली गेली, तेवढंच.

खाडीच्या बाजूच्यांनाही सहज मिळतं असं नाही. ग्रिलबाहेर डिश लावायची नाही, बिल्डिंगचं रूप बिघडतं असा सोसायटीचा ठराव आहे. राहिली गच्ची. मी सेक्रेटरींना भेटले. ते भले गृहस्थ आहेत, निवृत्त आहेत, सोसायटीसाठी राबतात. त्यांनी मला पूर्ण बोलूही दिलं नाही. "वहिनी, गच्चीला हात लावायचा नाही. वॉटरप्रूफिंगची दहा वर्षांची गॅरंटी आहे, एक खिळा ठोकला की बिल्डर हात वर करणार." हे बरोबर आहे. ज्याने मुंबईत वरच्या मजल्यावर एक पावसाळा काढला आहे त्याला हे समजावून सांगावं लागत नाही. पण त्याच गच्चीवर केबल कंपनीची यंत्रं आहेत, इंटरनेटवाल्यांचे डबे आहेत, आणि ते खिळ्यांशिवाय हवेत उभे नाहीत. त्यांच्याबद्दल विचारलं तर म्हणाले, "ते बिल्डरच्या वेळेपासूनचं आहे."

पूर्वीच्या बिल्डिंगमध्ये गच्ची सगळ्यांची होती. पापड वाळत, पतंग उडत, उन्हाळ्यात माणसं झोपत, आणि छत्रीही तिथेच होती. टॉवरच्या गच्चीला कुलूप असतं. मला जुन्याचा उमाळा आणायचा नाही, जुन्या बिल्डिंगमध्ये नळाला पाणी येत नसे. पण फुकट प्रक्षेपण पकडायला आकाशाचा एक तुकडा लागतो, आणि आजच्या मुंबईत आकाशाच्या तुकड्याला सोसायटीचा ठराव लागतो.

उपाय तांत्रिक दृष्टीने अवघड नाही. गच्चीवर दर घराची डिश लागत नाही. एक सामाईक डिश, सिमेंटच्या ठोकळ्यावर नुसती ठेवलेली, स्लॅबला भोक न पाडता; तिथून डक्टमधून वायरी खाली; ज्याला हवं त्याने आपला बॉक्स घ्यावा. धो धो पावसात चित्र जाईल, तो या सेवेचा दोष आहे, केबलला तो नाही. जुलैमधले काही तास आई देवाचं म्हणतील. नव्या बिल्डिंगच्या नकाशात पाण्याच्या टाकीची, अग्निशमनाची, गाड्यांची सोय दाखवल्याशिवाय परवानगी मिळत नाही. त्यात सामाईक डिशच्या जागेची एक ओळ वाढवायला महापालिकेला आणि म्हाडाला काय जड आहे? पुनर्विकासाची एवढी कामं चालू आहेत, आत्ता ही ओळ आली तर पुढच्या दहा वर्षांतल्या घरांना तरी मिळेल.

पण माझी मोठी मागणी ट्रायकडे आणि संसदेकडे आहे. एक मूळ पॅक ठरवून द्या, त्याची किंमत बांधून द्या, प्रत्येक केबलवाल्याने तो मागेल त्याला दिलाच पाहिजे असं करा. त्यात दूरदर्शनची सगळी चॅनेलं आणि राज्याच्या भाषेतली सगळी फुकट चॅनेलं असू देत. आणि २००७ च्या कायद्यात दुरुस्ती करून तो सामन्यांचा सिग्नल या मूळ पॅकमध्येही दिसू द्या. ज्या कंपन्यांनी हक्कांसाठी प्रचंड पैसे मोजले त्यांचं नुकसान होईल, हे त्यांचं म्हणणं मी समजू शकते; कायद्यात जाहिरातीच्या उत्पन्नाची किमान ७५ टक्के वाटणी त्यांच्याकडे जाते, ती वाढवा हवी तर. प्रसार भारतीने नोव्हेंबर २०२४ मध्ये वेव्हज नावाचं अ‍ॅप काढलं आहे, ते चांगलंच आहे, पण अ‍ॅप म्हटलं की पुन्हा आकडे नसलेलं रिमोट आलं, पासवर्ड आला, आणि रिमोट पिशवीत गेलं.

आईंना मी हे सगळं सांगितलं, डिशचं, सामाईक वायरीचं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "त्यात आठची लागते का?"

नाही लागत. तीच तर पैशाच्या चॅनेलवर आहे. सह्याद्रीवर संध्याकाळी काय लागतं ते मी त्यांना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, चांगलं आहे, बातम्या छान सांगतात ते, ओरडत नाहीत. पण आठची नाही म्हणजे नाही. तेव्हा माझ्या सगळ्या युक्तिवादात हे एक भोक आहे आणि ते मी झाकत नाही. दुरुस्ती म्हणून आम्ही घरात एवढंच केलं की मुलाचं एक अ‍ॅप बंद केलं, आणि आठ वाजता तो किंवा मी, जे घरात असेल ते, आईंना त्यांची मालिका फोनवरून टीव्हीवर लावून देतो. आठवड्यातले तीन दिवस जमतं. बाकीचे दिवस त्या वालाचं भांडं घेऊन शेजारी जातात. आता निदान सांगून जातात.

सोसायटीला मी रीतसर अर्ज दिला. एकोणीस घरांच्या सह्या घेतल्या, त्यातल्या सात खाडीच्या बाजूच्या, ज्यांना गच्चीची गरज कमी होती. वार्षिक सर्वसाधारण सभा सप्टेंबर संपायच्या आत घ्यावी लागते, तशी ती शेवटच्या रविवारी झाली. विषयपत्रिकेत आमचा विषय नववा होता, 'गच्चीवर सामाईक डिश बसविणेबाबत', कबुतरांच्या जाळीनंतर. चौथा विषय पार्किंगचा होता. त्याच्यावर पावणेअकरा वाजले, दोन जण उठून गेले, कोरम मोजायला लागले. पाच ते नऊ हे विषय पुढच्या सभेत घेण्याचं ठरलं.